गेमबॉय डुलकी घेतो तेव्हा

निन्टेंडोच्या १९८९ सालच्या गेमबॉयचा इम्युलेटर लिहायला घेतला, की बेरीज-वजाबाकीच्या सूचना लवकर चालू लागतात. घोडं अडतं ते हेक्समधल्या ७६ या बाइटपाशी. ही ‘हॉल्ट’ सूचना. गेमचं काम उरकलं की तो प्रोसेसरला सांगतो, इंटरप्ट, म्हणजे हार्डवेअरची हाक, येईपर्यंत पडून राहा. तेवढीच बॅटरी वाचते.

प्रोसेसर थांबला म्हणून नवखा माणूस घड्याळाच्या सायकलींची मोजणीही थांबवतो. मीही थांबवली होती. मग टायमर हलत नाही, पडद्याची ओळ सरकत नाही, उठवणारा इंटरप्ट येत नाही आणि गेम जो झोपतो तो कायमचा.

साधा उपाय असा: हॉल्ट चालू असेतो दर फेरीला ४ सायकली मोजायच्या आणि इंटरप्ट आला का ते पाहायचं. उत्तर बरोबर येतं, पण हमाली फार. पडद्याच्या १५४ ओळी, प्रत्येकीला ४५६ सायकली. ओळ १०० सुरू होताना हॉल्ट आला आणि गेम ओळ १४४ च्या व्हीब्लँकची (चित्र काढून झाल्याच्या इंटरप्टची) वाट पाहत असेल, तर मध्ये २०,०६४ सायकली, म्हणजे ५,०१६ रिकाम्या फेऱ्या. त्यापेक्षा टायमर कधी भरेल, व्हीब्लँक कधी येईल हे काढावं आणि जे आधी घडणार तिथे एका बेरजेत उडी घ्यावी. उडी फ्रेमच्या शेवटापलीकडे मात्र जाऊ देऊ नये. पडदा बंद असेल आणि गेम फक्त बटणाची वाट पाहत असेल, तर पुढची घटना सापडणारच नाही.

आपल्या कॉम्प्युटरला झोपवायचं तेही फ्रेमच्या शेवटीच, हॉल्ट दिसल्या दिसल्या नव्हे. एक फ्रेम ७०,२२४ सायकलींची, सुमारे १६.७ मिलिसेकंदांची. काम २ मिलिसेकंदांत आटोपलं तर उरलेला वेळ झोप.

आता जागं कधी व्हायचं? गेमने मागितलेला इंटरप्ट आला की. इंटरप्टांचा मुख्य स्विच बंद असला तरी जाग येते. फक्त इंटरप्टच्या कोडकडे न वळता प्रोसेसर पुढची सूचना घेतो. पण स्विच बंद आणि इंटरप्ट आधीच दारात उभा असताना हॉल्ट आला, तर प्रोसेसर झोपतच नाही. उलट पुढचा बाइट दोनदा वाचतो. ७६ नंतर ३सी, म्हणजे ‘ए रजिस्टरमध्ये १ मिळव’, असेल तर २ मिळवले जातात. मूळ चिपचा हा दोष इम्युलेटरमध्येही जसाच्या तसा उतरवावा लागतो.