अडवणारी ओळ

हिंजवडीत नोकरी करणारी ओळखीची एक मुलगी सहज बोलून गेली, "काका, सध्या मी जे लिहितेय ते काही करत नाही, फक्त अडवतं." पगार घेऊन अडवणूक लिहायची, हे काही डोक्यातून जाईना. शेवटी तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो.

काम रस्ट भाषेतलं. निरनिराळ्या सेन्सरचे आकडे वाचणारं एकच जेनेरिक फंक्शन. प्रत्येक सेन्सरला दोन टाइप जोडलेले: एक कच्च्या आकड्याचा, दुसरा हिशेबाचा. सेन्सर कुठलाही चालेल, पण कच्चा टाइप काहीही न गमावता हिशेबाच्या टाइपात गेला पाहिजे. ही अट 'व्हेअर'नंतरच्या ओळीत लिहायची. बाकीचा कोड भराभर झाला. दुपार खाल्ली ती या ओळीनं.

"शेरातलं पायलीत ओता, मावतं. पायलीतलं शेरात ओतलं की सांडतं," ती म्हणाली. म्हणून १६ बिटांतून ३२ बिटांत जायला 'फ्रॉम' मिळतं; उलट जायचं तर 'ट्रायफ्रॉम', म्हणजे मावलं नाही तर एरर हातात. तिसरी वाट 'अ‍ॅज'ची, आणि तीच लबाड. तिनं एका व्हेरिएबलमधले ४०,००० चिन्हासह १६ बिटांत कोंबून दाखवले. पडद्यावर आलं उणे २५,५३६. ना एरर, ना इशारा.

"३२,७६७च्या पुढे जागाच नाही ना!"

३२,७६७. ४ जून १९९६ला फ्रेंच गयानातून उडालेलं पहिलं एरियान-५ रॉकेट याच आकड्यावर अडखळलं. ६४ बिटांची दशांश संख्या १६ बिटांत मावली नाही. एरर आली, पण ती झेलणारा कोड नव्हता. चाळीसेक सेकंदांत रॉकेटचे तुकडे झाले. धोक्याच्या ७ व्हेरिएबलपैकी ४ना संरक्षण दिलेलं, ३ना नाही. कोड एरियान-४वरून उचललेला आणि तिथं ती संख्या एवढी वाढतच नसे. जुन्या रॉकेटपुरतं खरं असलेलं गृहीतक नव्या रॉकेटवर मुकाट्यानं चढलं. माझ्या ओळखीची ही मुलगी दुपारभर तेच तर टाळत होती: गृहीतक उघड्यावर लिहून ठेवत होती.

तेवढ्यात सहकारी कुरकुरत आला. त्याचा ६४ बिटांचा पूर्णांक ६४ बिटांच्या दशांश टाइपात कंपाइलर घेईना. "दोन्ही ६४च आहेत की! सांडतं कुठे?" सांडतं. त्या दशांश टाइपात २च्या ५३व्या घातापुढचे सगळेच पूर्णांक अचूक बसतात असं नाही. डेडलाइनचं नाव काढून त्यानं अट सैल करायला सांगून पाहिलं. तिनं केली नाही, आणि माझ्या मते बरोबरच केलं.