मोरावर निबंध लिहिताय? मग हे वाचा

शेजारची सहावीतली मुलगी काल वही घेऊन आली. विषय नेहमीचाच, 'माझा आवडता पक्षी'. पक्षी अर्थातच मोर! मला पक्षीनिरीक्षणाचा नाद, त्यामुळे गप्पा चांगल्याच रंगल्या.

१९६३ साली मोर राष्ट्रीय पक्षी झाला, हे बहुतेक निबंधांत असतंच. खरी गंमत पुढे आहे.

पिसारा म्हणजे मोराची शेपूट नाही! खरी शेपूट आखूड, तपकिरी असते आणि पिसाऱ्याखाली झाकलेली असते. पिसारा उभारला की तीच मागून आधार देते. नाचणारा मोर एकदा मागच्या बाजूने बघा, लगेच कळेल.

तो निळा-हिरवा रंगही रंगद्रव्याचा नाही. पिसांत मेलॅनिनच्या अतिसूक्ष्म कांड्यांची जाळी असते. तिच्यावरून प्रकाश परततो, तेव्हा ते रंग उमटतात. साबणाच्या फुग्यावर चमकतात ना, साधारण तसंच.

विणीचा हंगाम सरला की पिसारा गळतो, मग नवा येतो.

आणि लांडोर? अंडी उबवणं, पिल्लं सांभाळणं सगळं तिच्याकडे. घरटं जमिनीवर, म्हणून तिचा भुरकट रंगच तिला लपवतो. निबंधात तिच्यावर दोन ओळी हव्यातच, असं मला मनापासून वाटतं.

मोर जवळून पाहायचे असतील तर शिरूर तालुक्यातल्या मोराची चिंचोलीला पहाटे जा.

मुलांचे आणखी प्रश्न असतील तर जरूर विचारा.