दगडाच्या पोटातली अंडी

वणीकडच्या ज्या घरातलं कोणी राजूर नाहीतर उकणीच्या कोळसा खाणीत कामाला असेल, त्या घरच्या लेकरांना ही गोष्ट चटकन उमजेल. बाकीच्यांनी जरा कंदिलाजवळ सरकून बसा, कारण गोष्ट खाणीचीच आहे, फक्त ती खाण आपल्या पृथ्वीवरची नाही.

तर जेनस सहा नावाचा एक ग्रह होता बाप्पा, वरून पार ओसाड, पण पोटात खनिजंच खनिजं, म्हणून माणसं तिथं जाऊन खोल भुयारांत उतरली आणि कामाला लागली. बरीच वर्षं बरं चाललं, मग त्यांनी आणखी खालचा थर उघडला आणि तिथून एकेक गडी मरायला लागला. काहीतरी अंधारातून यायचं, माणसाला जाळून टाकायचं आणि आपण जसे हवेतून चालतो तसं सरळ दगडातून निघून जायचं. मागं उरायचा नुकताच कोरलेला गुळगुळीत बोगदा. लोक घाबरले. आता त्या खालच्या थरात हजारोंनी गोल गोटे पडलेले होते, सगळे एका मापाचे, त्यांच्याकडं कोणी ध्यान दिलं नाही. एक गोटा साहेबाच्या टेबलावर शोभेला ठेवलेला, बाकीचे कामात आडवे येतात म्हणून फोडून टाकलेले.

ही ‘स्टार ट्रेक’ या मालिकेतली गोष्ट. जीन कून यांनी लिहिली आणि ९ मार्च १९६७ ला अमेरिकेत टीव्हीवर दाखवली; पुढं ऐंशीच्या दशकात आपल्या दूरदर्शननंही ती मालिका आणली. तिच्यातला स्पॉक नावाचा टोकदार कानांचा शहाणा माणूस त्या प्राण्याच्या दगडी अंगाला हात लावून त्याच्या मनातलं वाचतो, तेव्हा कळतं की हा राक्षस नाही, ही आई आहे. हॉर्टा तिची जात. दर पन्नास हजार वर्षांनी त्या जातीतले सगळे मरतात, एकच उरते आणि ती सगळ्यांची अंडी सांभाळते. ते गोटे म्हणजे तीच अंडी! मग जखमी हॉर्टावर इलाज करायला डॉक्टरला बोलावतात, तो आधी कुरकुरतो, पण शेवटी तिची जखम चक्क सिमेंट लावून बुजवतो. शेवटी तह होतो, पिलं बोगदे खणतात आणि माणसं त्यांच्या मागून खनिज गोळा करतात.

मला ही गोष्ट आवडते ती तिच्यातल्या रसायनामुळं. हॉर्टा सिलिकॉनची बनलेली असते, आपण कार्बनचे. रसायनवाल्यांच्या तक्त्यात हे दोघं एकाखाली एक बसतात आणि दोघांनाही दुसऱ्या अणूंशी जोडून घ्यायला चार चार जागा असतात. शिवाय पृथ्वीच्या कवचात वजनानं सुमारे २८ टक्के सिलिकॉन आहे, कार्बन त्यापुढं अगदी चिमूटभर. मग जीवानं सिलिकॉन का नाही धरला? कारण कार्बनला ऑक्सिजन भेटला की वायू होतो, तो आपण सहज बाहेर सोडतो आणि पऱ्हाटी, तूर, आंबा तो पानांनी आत ओढतात. सिलिकॉनला ऑक्सिजन भेटला की होते सिलिका, म्हणजे वाळूच. हॉर्टानं आपल्यासारखा श्वास घेतला असता, तर दर उच्छ्वासाला तिनं वाळू ओकली असती.

पण दगडात गोल काहीतरी सापडणं, ते तर आपल्याकडं वावरोवावरी आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं जमीन फाटून लाव्हा वाहिला, त्याचा काळा दगड झाला आणि त्या दगडाचीच झिजून कपाशीची काळी माती झाली. लाव्हा निवताना आकसला की कुठं कुठं तो तडकून कोनदार खांब उभे राहतात. झरी जामणीकडं शिबला-पारडीला २०२२ साली असे खांब उजेडात आले. लाव्हा ओला असताना उकळत्या पिठल्यासारखे त्यात बुडबुडे यायचे, काही तसेच पोकळ गोठले, पुढं लाखो वर्षं पाणी झिरपत राहिलं आणि सिलिका थरावर थर बसत गेली. वखरात अडकतो तो गारगोटा असा घडतो. फोडला तर आत कधी रंगीत पट्टे, कधी स्फटिकांची चकाकती गुहा.

आणि जीवानं सिलिकॉन अगदीच टाकून दिला असंही नाही. ज्वारीच्या वावरात शिरलं की पान सपकन कापतं ना? गवतवर्गातली झाडं मुळांनी सिलिका ओढून पानात तिचे बारीक कण भरून ठेवतात, जनावरानं कमी खावं म्हणून. वैद्याकडं मिळणारं वंशलोचन, तेही बांबूच्या पोटात साचलेली सिलिकाच. वर्धा नदी ओलांडली की पलीकडं वरोरा तालुक्यात पिसदुरा गाव लागतं, तिथं डायनोसॉरचं शेण दगड होऊन पडलं आहे. लखनौच्या बीरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सोबत्यांनी त्या शेणात गवताचे सिलिकाकण शोधले आणि २००५ साली जगाला सांगितलं, की डायनोसॉरच्या काळी गवत होतं आणि ते त्यांच्या पोटातही जायचं. तोवर गवत त्यांच्यानंतर आलं असंच बहुतेक शास्त्रज्ञ धरून चालले होते. पान कुजलं, खाणारा गेला, ती कापरी कणी तेवढी टिकली!

आता अंड्यांचं ऐका. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात पाडल्या गावचे लोक पिढ्यान्‌पिढ्या काही गोल दगड शेताचा आणि ढोरांचा राखणदार म्हणून पुजत होते, काकड भैरव म्हणत. २०२३ साली बातमी आली, की ती डायनोसॉरची अंडी आहेत. गुजरातेत नागपूरचे भूवैज्ञानिक धनंजय मोहबे यांना तर अंड्यांचं अख्खं घरटंच सापडलं. त्यात हाडं होती, ती सगळी पिलाची वाटली, आणि कितीतरी वर्षांनी ध्यानात आलं की त्यातली बरीच सापाची आहेत. साडेतीन मीटरचा साप, फुटलेल्या अंड्याला वेटोळं घालून बसलेला, शेजारी अंड्यातून निघालेलं पिलू, आणि त्याच घडीला वरून गाळ कोसळला. २०१० साली त्या सापाला सनाजेह हे नाव मिळालं. टीव्हीच्या गोष्टीपेक्षा ही मला तसूभरही कमी वाटत नाही.

काळ्या दगडातला गारगोटा तुम्ही खुशाल फोडा, त्यात अंडं नसतं. पण विहीर खोदताना काळ्या दगडाच्या खाली पांढुरका चुनखडीचा थर लागला आणि त्यात वीतभर रुंदीचे, एका मापाचे गोल दगड जवळजवळ दिसले, तर कुदळ बाजूला ठेवा. त्यांना जागचं हलवू नका, आहे तसा फोटो काढा आणि नागपूरला सेमिनरी हिल्सवर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं कार्यालय आहे, तिथं कळवा.