कोयत्याचं पातं निळं पडू देऊ नका

बाजारात ग्राइंडरवर धार लावून आणलेला माझा कोयता चार नारळांतच बोथट झाला. गावच्या लोहारकाकांना दाखवला. धारेवरचा निळा डाग पाहून ते म्हणाले, "पाणी उतरलंय याचं." म्हणजे तापवून पोलादाला दिलेला कडकपणा गेलाय.

कोयता ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचा आहे. या पोलादात साधारण 0.5 ते 0.6 टक्के कार्बन असतो. लालबुंद तापवून तेलात बुडवलं की ते कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळही.

म्हणून ते पुन्हा मंद तापवतात. 200 अंशांच्या पुढे पिवळसर रंग चढतो, तेव्हा धार टिकते. 300 अंशांच्या आसपास निळा. तिथे पोलाद स्प्रिंगसारखं चिवट होतं, धार मात्र लवकर जाते. ग्राइंडरवर तापून माझ्या कोयत्याचं तेच झालं.

पातं किती सहज वाकेल, हे जाडीवर ठरतं. जाडी निम्मी केली की ताकद आठपट कमी लागते! वाकलेलं पातं सरळ होईल, तसंच राहील की मोडेल, हे मात्र पाणी कसं दिलंय त्यावर. अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटीच्या परीक्षेत तर सुरी 90 अंशांत वाकवतात. तुटली की नापास.

म्हणून ग्राइंडरवर धार लावताना पातं तापू नये यासाठी ते सारखं पाण्यात बुडवायला सांगा.