शिमानीच्या धावपट्टीचे टोक

पोलंडच्या ईशान्येला माझुरी हा तळ्यांचा मुलूख. उन्हाळ्यात शिडाच्या होड्या, हिवाळ्यात गोठलेले पाणी, चहूकडे पाइनची राने. या रानातला शिमानीचा विमानतळ २०१६ मध्ये नव्याने सुरू झाला. आता तिथे सुट्टीवर निघालेल्यांच्या बॅगा फिरतात. ५ डिसेंबर २००२ रोजी इथे उतरवलेले दोघे मात्र हातापायांत बेड्या घेऊन आले होते.

अबू झुबैदा आणि अब्द अल-रहीम अल-नशिरी. दहशतवादाच्या संशयावरून पकडलेल्या या दोघांना अमेरिकी गुप्तचर संस्था सीआयएने थायलंडहून गुपचूप हलवले. ना कोर्टाचा हुकूम, ना वकील.

अशी विमाने इमारतीजवळ यायचीच नाहीत, हे पुढे कर्मचाऱ्यांच्या जबान्यांतून उघड झाले. ती धावपट्टीच्या टोकाला थांबत, काळ्या काचांच्या गाड्या तिथवर जात आणि परत रानात दिसेनाशा होत. काही उड्डाणांच्या कागदांवर उतरण्याचे ठिकाण वॉर्सा लिहिलेले असे. पोलंडच्या हवाई वाहतूक यंत्रणेने हा खोटेपणा चालवून घेतला.

गाड्या पोचत स्तारे केयकूतीला. पोलिश गुप्तहेरांना तयार करणारे हे केंद्र. त्याच्याच आवारात सीआयएचा तुरुंग होता. अल-नशिरीवर १७ अमेरिकी खलाशांचा जीव घेणाऱ्या 'कोल' युद्धनौकेवरील हल्ल्याचा आरोप आहे. आरोप भयंकरच. पण डोक्यावर बुरखा चढवलेल्या माणसाच्या कानाशी पिस्तुलाचा खटका ओढायचा, अंगाजवळ ड्रिल फिरवायचे, याला चौकशी कसे म्हणावे?

मार्च २००३ मध्ये इथेच आणलेल्या खालिद शेख मोहम्मद या कैद्याला आपण कोणत्या देशात आहोत, हे पाण्याच्या बाटलीवरून कळले. तिचे लेबल काढायचे राहून गेले होते. त्यावरच्या ईमेल पत्त्याच्या शेवटी 'पीएल' ही दोन अक्षरे होती.

छळ करणारे हात अमेरिकी होते. म्हणून पोलंड सुटतो का? स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २४ जुलै २०१४ रोजी ठाम उत्तर दिले: नाही. विमानतळ दिला, वाट मोकळी केली, कैद्यांचा छळ होऊ शकतो हे कळायला हवे असूनही त्यांना पुढे जाऊ दिले. तेव्हा जबाबदारी पोलंडचीही. अबू झुबैदा आणि अल-नशिरी यांच्या या खटल्यांत न्यायालयाने मागितलेली कागदपत्रेसुद्धा पोलंडने पुरी दिली नव्हती. दोघांना प्रत्येकी एक लाख युरो भरपाई ठरली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये माजी राष्ट्राध्यक्ष अलेक्सांदर क्वाश्निएव्स्की यांनी सीआयएला जागा दिल्याचे मान्य केले. छळाची कल्पना नव्हती, असे ते म्हणाले.

२२ सप्टेंबर २००३ रोजी शिमानीहून एक बोइंग ७३७ उरलेल्या कैद्यांना घेऊन उडाले. त्यात अबू झुबैदाही होता. २००६ पासून तो ग्वांतानामोत आहे. त्याच्याविरुद्ध आरोपपत्र आजवर कुणीही दाखल केलेले नाही.