एकाच लाकडाच्या दोन छटा

फ्रान्सच्या व्हर्साय राजवाड्यात १६८४ साली संगमरवराच्या जागी लाकडी जमिनी आल्या, आणि त्याला कारण झालं पाणी! संगमरवर सारखा धुवावा लागे, पाणी खाली मुरे आणि आधाराच्या लाकडी तुळया कुजत. मग लाकडी पट्ट्या एकमेकींत गुंतवून मोठाले चौकोन घडवले आणि ते तिरपे बसवले. पाण्यापायी दगड हरला, लाकूड जिंकलं.

पण लाकडाची एक खोड असते. हवेतला ओलावा पिऊन ते फुगतं, हवा कोरडी झाली की आकसतं. पावसाळ्यात आपलं दार अडकतं ते यामुळेच. नवल असं, की ही चुळबुळ सगळ्या बाजूंनी सारखी नसते. ओला ओंडका पार सुकेपर्यंत ओक लांबीला हजारात जेमतेम एक-दोन भाग आकसतो. रुंदीला मात्र शंभरात चार ते दहा भाग.

एंजिनिअर्ड लाकडाची करामत या फरकावरच उभी आहे. वर खऱ्या ओकचा किंवा सागाचा काही मिलिमीटरचा थर, खाली प्लायवुडचे पापुद्रे, आणि प्रत्येक पापुद्र्याच्या रेषा शेजारच्याला काटकोनात. एक पापुद्रा रुंदीला पसरू पाहतो, तेव्हा शेजारचा आपल्या न हलणाऱ्या लांबीनं त्याला धरून ठेवतो.

आता नक्षी. हेरिंगबोनमध्ये पट्ट्या आयताकृतीच असतात. एकीचं टोक दुसरीच्या कडेला काटकोनात टेकतं. शेवरॉनमध्ये टोकं तिरपी कापून समोरासमोर भिडवतात, म्हणून बाणांच्या सरळ रांगा उमटतात. दोन्हींत खरी जादू पुढेच आहे. लाकूड एक, पॉलिश एक, तरी एक ओळ उजळ आणि शेजारची सावळी दिसते. बाजूच्या खिडकीतून उजेड येत असताना खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन मागे वळून पाहा: उजळ ओळी सावळ्या झालेल्या असतात, सावळ्या उजळलेल्या!

लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची जुडी. त्या तंतूंवरून उजेड सगळीकडे सारखा न फाकता ठरावीक दिशांनाच फाकतो. धूपछाँव पैठणी हलली की रंग बदलते. इथे जमीन जागेवर राहते आणि हलतो आपण. खिडकी समोर असेल तर दोन्ही ओळी जवळपास सारख्या दिसतात, ती बाजूला आली की नक्षी उठून दिसते.

म्हणून दुकानात एकच पट्टी हातात धरून निवड करू नका. आठ-दहा पट्ट्या घरी आणून नक्षीत मांडा, सकाळी पाहा, संध्याकाळी पाहा. वरचा थर किती जाडीचा आहे ते विचारा. तीन-चार मिलिमीटर असेल तर पुढे कधी घासून पुन्हा पॉलिश करता येतं. खाचेत अडकवायच्या हेरिंगबोनमध्ये डाव्या आणि उजव्या पट्ट्या वेगळ्या येतात, तेव्हा दोन्ही मोजून घ्या. भिंतीलगत स्कर्टिंगखाली सेंटिमीटरभर फट सोडायला सांगा, नाहीतर पावसाळ्यात जमीन मधोमध उचलेल. पुसायला घट्ट पिळलेलं फडकं, बादलीभर पाणी नको.

आणि कॅटलॉगातला रंग पाहून भुलू नका. तो फोटो कुठल्या बाजूच्या खिडकीच्या उजेडात काढला, हे कॅटलॉग कधीच सांगत नाही.