मुंबई-नागपूर : विमानाला दीड तास का लागतो?

आमच्या होस्टेलवर विदर्भातली बरीच मंडळी आहेत, त्यामुळे घरी जायचा विषय निघाला की हा वाद ठरलेला. 'विमानाचा स्पीड 830, अंतर 680 किलोमीटर, म्हणजे 50 मिनिटं. मग तिकिटावर दीड तास कसा?'

आधी अंतर बघू. रेल्वेने मुंबई-नागपूर 837 किलोमीटर, कारण गाडी कसारा घाट चढून भुसावळवरून वळसा घेते. समृद्धी महामार्ग 701 किलोमीटर, पण तो भिवंडीजवळ आमण्याला संपतो, पुढची मुंबई वेगळीच! सरळ अंतर तुम्हीच काढा. नागपूर मुंबईच्या 2 अंश उत्तरेला आणि 6.2 अंश पूर्वेला आहे. एक अंश म्हणजे 111 किलोमीटर, फक्त रेखांशाला कॉस 20 ने गुणायचं. उत्तरेला 222, पूर्वेला 647. पुढे पायथागोरस. उत्तर साधारण 684.

आता वेळ. ते 830 विमानाला मिळतात फक्त वरती. 10,000 फुटांखाली वेगमर्यादा 250 नॉट, म्हणजे ताशी 463 किलोमीटर. पस्तीस हजार फुटांवर पोचायला वीसेक मिनिटं जातात आणि तोवर 200 किलोमीटर संपतात. उतरायची सुरुवातही 200 किलोमीटर आधीच होते. म्हणजे फुल स्पीडला उरले जेमतेम 280! चढणं, उतरणं धरून हवेत सत्तर मिनिटं. शिवाय तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतची असते. मुंबईचे दोन्ही रनवे एकमेकांना छेदतात, त्यामुळे एका वेळी बहुधा एकच वापरात. मग बसा रांगेत.

गेल्या वर्षी आजोबांना अचानक आयसीयूत हलवल्याचा बाबांचा फोन संध्याकाळी सातला आला, तेव्हा हे गणित मी खरंच केलं. सव्वाआठची दुरांतो सकाळी सव्वासातच्या सुमारास पोचवते. रात्री सव्वादहाचं विमान होतं, भाडं ऐकून पोटात गोळा आला. बाबा म्हणाले, ''भाड्याचं बघू नको, निघ.'' सव्वासातला होस्टेल सोडलं, पावणेएकला हॉस्पिटलात. साडेपाच तास, म्हणजे दारापासून दारापर्यंत ताशी 124 किलोमीटर! दुरांतोचा नुसता रुळावरचा वेग 76 पडतो. पण ते सहा-साडेसहा तास वाचले. आजोबांनी ओळखलं, ''जेवलास का रे?'' विचारलं. सकाळी सातला ते व्हेंटिलेटरवर होते. (आता घरी आहेत, रोज क्रिकेट बघतात.)

राहिला वारा. हिवाळ्यात वरचे वारे पश्चिमेकडून वाहतात, म्हणून नागपूरला जाताना फायदा, येताना तोटा. पावसाळ्यात उलट. पण 80 चा वारा धरला तरी 280 किलोमीटरात जाण्या-येण्यात चारेक मिनिटांचाच फरक पडतो. अमेरिकेला एमएसला जाणाऱ्यांना मात्र तो तासाहून जास्त जाणवेल.